खिडकीपुरता कोरा कागद

ती बॅटरी बंद कर आधी. आणि ब्रश धुऊन ठेव, बाळ. बॅटरीच्या उजेडात निसर्गचित्र पुरं करायला बसलीस, तर उद्या सकाळी तुझं तुलाच हसू येईल. निळा म्हणून लावलेला रंग हिरवा निघेल. हे झालं एक कारण. दुसरं सांगायला जरा वेळ लागेल. पण जेवणं झालीत, वीज काही एवढ्यात येत नाही, आणि तुम्ही लोक लवकर झोपणार नाही हे मला माहीत आहे. तर बसा. दार तेवढं लोटून घ्या, वारा येतोय.

मी काही चित्रकार नाही. चौकटी करणारा माणूस. तुमच्या सरांनी मला या सहलीला आणलं ते तुमची चित्रं परत नेताना एकमेकांना चिकटू नयेत म्हणून. पण उभा जन्म दुसऱ्यांची चित्रं हाताळण्यात गेला, तेव्हा काही गोष्टी हाताला लागल्याच. ही त्यातली एक. ज्यांची आहे ते माझ्या दुकानात अर्धं आयुष्य येत होते. थापा मारणारा माणूस नव्हता तो.

मी त्यांना मास्तर म्हणायचो. शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा सुटली की खांद्याला झोळी, बगलेत फळी, हातात घडीचं स्टूल, आणि थेट किनारा. घरात बसून चित्र काढणं त्यांना मान्यच नव्हतं. कुणी फोटोवरून काढलं तर म्हणायचे, हे म्हणजे ताटाचा फोटो बघून ढेकर देणं. समोर जे आहे तेच, आणि आहे तोवरच. दिसलं नाही ते रंगवायचं नाही. कागदाला ब्रश लावायच्या आधी दर वेळी मान वर करून एकदा बघायचं, मग हात. गावात त्यांना सगळे उजेडमास्तर म्हणायचे, कारण काहीही सांगायला जा, एकच उत्तर, “आत्ता नको, उजेड जाईल.” लग्नाची पत्रिका द्यायला गेलेल्या माणसालाही हेच ऐकावं लागलं होतं.

वहिनी, म्हणजे त्यांची बायको, हे सगळं हसण्यावारी न्यायच्या. संध्याकाळी मास्तर घरी आले की पदराला हात पुसत विचारायच्या, “काय उजेड पाडलात आज? दाखवा.” मग दोघं चित्र भिंतीला टेकवून बघत बसायचे. आणि वहिनी त्यात पहिल्यांदा काय शोधायच्या, तर आपली खिडकी.

खिडकीचं असं होतं. मास्तरांचं घर किनाऱ्याच्या वर, उतारावर होतं. जगात सगळे समुद्र बघायला जातात, हा माणूस समुद्राकडे पाठ करून एका सपाट खडकावर बसायचा आणि मावळतीचं ऊन उतारावर कसं पडलंय ते रंगवायचा. कधी वर ओढून ठेवलेल्या होड्या, कधी वाळत घातलेली जाळी, कधी कापणी झालेलं शेत. पण कुठंतरी कोपऱ्यात ते घर असायचंच, आणि घराला ती एक खिडकी.

आता जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत, हे तुम्हाला शिकवलं असेलच. पांढरं म्हणजे कागद. उजेड जिथं हवा तिथं कागद कोरा राखायचा. एकदा त्यावर रंग गेला की गेला, मग कितीही पुसा. तर मास्तर सगळ्यात आधी ती खिडकी राखायचे. नखाएवढी जागा, कोरी. बाकी सगळं चित्र व्हायचं. मग तिन्हीसांजेला वहिनी खिडकीत कंदील लावायच्या. तो लागला की मास्तर मान वर करून बघायचे, ब्रश धुऊन त्या कोऱ्या जागेवर पिवळ्याचा एक हात फिरवायचे, आणि सामान आवरून घरी. शेवटचा हात दिव्याचा. त्यानंतर कागदाला हात लावायचा नाही. कधी त्यांचं लक्ष नसलं तर वहिनी कंदील तीनदा वर-खाली करायच्या. म्हणजे आवरा आता.

घरात वीज होती. पण ट्यूबचा उजेड मास्तरांना चित्रात चालत नसे, म्हणून कंदील तो कंदीलच राहिला. पुढे लेकीने दोघांना एकेक मोबाईल घेऊन दिला. मास्तरांचा झोळीच्या तळाशी बंद पडलेला असायचा. रंगाच्या हातांनी कोण घेणार फोन? वहिनी म्हणायच्या, माझा कंदीलच बरा, त्याला रेंज लागत नाही.

तर असं चाललं होतं. चांगलं चाललं होतं.

एके दिवशी वहिनींना दुपारपासून बरं वाटेना. छातीत जड वाटतंय म्हणाल्या. मास्तर म्हणाले, डॉक्टरकडे जाऊन येऊ. त्या म्हणाल्या, पित्त असेल, उद्या बघू. दिवसभर ढग होते आणि चारच्या सुमारास ते फुटायला लागले होते. मास्तरांचा जीव दारात घुटमळत होता, आणि ते वहिनींना कळत नव्हतं असं नाही.

“नक्की जाऊ?” मास्तरांनी विचारलं.

“जा. दिवा लावला की या, म्हणजे झालं.”

त्या संध्याकाळी उजेड असा पडला की मास्तर म्हणाले, जन्मात एकदाच मिळतो. ढगांच्या फटीतून ऊन आलं आणि अख्खा उतार आतून पेटल्यासारखा दिसायला लागला. त्यांनी नेहमीप्रमाणे खिडकी राखली आणि बाकीचं करत सुटले. ऊन गेलं, पण आभाळात लाली राहिली. लाली गेली, तरी थोडं दिसत राहिलं. मास्तर मधूनमधून वर बघत होते. खिडकी अंधारी. आणि त्यांना काय वाटलं असेल? सांगतो, कारण त्यांनीच मला सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. त्यांना आनंद झाला. दिवा लागला नाही, म्हणजे अजून वेळ आहे. मनात म्हणाले, बरं झालं. शब्द हेच. बरं झालं.

पार दिसेनासं झाल्यावर ते वर गेले. वहिनी खिडकीखाली पडल्या होत्या. कंदील ओट्यावर, तेल भरलेला, काच लख्ख पुसलेली. काडेपेटी जमिनीवर. एक काडी हातात होती. न ओढलेली.

डॉक्टर आले. मास्तरांनी त्यांना एकच प्रश्न विचारला, लवकर आलो असतो तर? डॉक्टर भले गृहस्थ. सरळ ‘नाही’ म्हणाले असते तर किती बरं झालं असतं. ते म्हणाले, सांगता येत नाही.

दहाव्या-बाराव्या दिवशी मास्तर खाली नावाड्याकडे गेले. किनाऱ्यालगत त्याचं घर होतं, एकटाच राहायचा. त्याच्या होडीतून दोघं खोल पाण्यात गेले आणि मास्तरांनी तो कंदील समुद्रात सोडला. त्या संध्याकाळचं चित्र मात्र त्यांना फाडवेना. पुरंही करवेना. दिवा लागलेला त्यांनी पाहिला नव्हता, मग रंगवणार कसा? खिडकीपुरता कागद कोरा राहिला. त्यांनी चित्र वर्तमानपत्रात गुंडाळून घरातल्या कपाटात टाकलं, घराला कुलूप लावलं आणि लेकीकडे शहरात राहायला गेले. ब्रशला हात लावला नाही. लेक बिचारी नवे रंग आणून द्यायची, ते नातवंडांनी संपवले.

दोन वर्षांनी घराला गिऱ्हाईक मिळालं. ताबा द्यायचा होता एकोणीस नोव्हेंबरला, बुधवारी. मास्तर मंगळवारी, म्हणजे अठरा तारखेला, दुपारच्या बसने गावात आले. काम एवढंच, कपाटातलं चित्र काढून घ्यायचं, किल्ली नावाड्याकडे ठेवायची आणि साडेसहाच्या बसने परत. लेकीने बजावलं होतं, बाबा, तिथं रेंगाळू नका.

घर रिकामं होतं. वीज तोडलेली. मास्तरांनी चित्र घेतलं, खिडकी आतून अडसर घालून बंद केली, दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. कपाटात चित्राबरोबर रंगांची जुनी पेटीही मिळाली होती. वड्या वाळून तडकल्या होत्या. पण जलरंगाची वडी वाळली म्हणून मरत नाही, पाण्याचा थेंब मिळाला की पुन्हा उठते.

बसला वेळ होता. पाय आपोआप खडकाकडे गेले. मास्तर बसले, चित्र मांडीवर उघडलं, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा नीट बघितलं. चित्र चांगलं झालं होतं. हेच तर दुखत होतं. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं चित्र त्यांनी त्या तासाभरात काढलं होतं.

तिथं बसल्या बसल्या त्यांनी ठरवलं. हे असं अर्धवट घेऊन जायचं नाही. दिसलं ते रंगवायचं हा आपला नियम. त्या संध्याकाळी खिडकी अंधारी होती, तर अंधारी करू. ‘बरं झालं’ म्हणालो होतो ना, मग आता बघत बसू जन्मभर त्या काळ्या खिडकीकडे. त्यांनी बाटलीतलं पाणी पेटीत ओतलं. गर्द निळा आणि तपकिरी एकत्र केला, काळा होईपर्यंत. अंधार पडायची वाट बघत राहिले. बसचा हॉर्न ऐकू आला. मास्तर उठले नाहीत.

मग अंधार झाला. खिडकी दिसत होती तेवढी दिसत होती. ब्रश भरला. कागदावर नेला.

आणि सवयीने, लावायच्या आधी, मान वर केली.

खिडकीत दिवा होता.

पिवळा. लहान. स्थिर.

मास्तर बघत राहिले. अडसर आपण घातला... किल्ली खिशात. त्यांनी खिसा चाचपला. होती.

हात डोक्याच्या आधी चालतो, पोरांनो. त्यांनी ब्रश धुतला. काळा सगळा धुतला. पिवळी वडी ओली केली. वर बघितलं. दिवा होता. कोऱ्या जागेवर एक हात फिरवला.

मग पेटी मिटली. सामान आवरलं. शेवटचा हात दिव्याचा, मग घरी. चालायला लागले.

वाट थोडी वर गेली की फुटते. डावीकडे घर. उजवीकडे नावाडी. मास्तर फाट्यावर आले आणि थांबले. तिथून खिडकी जवळ दिसते.

वारा नव्हता. लाट वाजत नव्हती.

दिवा वर गेला. खाली आला.

वर. खाली.

वर... खाली.

तीनदा.

इथं मी मास्तरांना विचारलं होतं, मग गेलात ना? दोन वर्षं ज्या बाईसाठी हा माणूस झुरला, झोपेत जिला हाका मारायचा म्हणून लेक सांगायची, ती बोलावतेय म्हटल्यावर तो धावत जाईल असंच मला वाटलं. तुम्हालाही वाटलं असेल. मास्तर उजवीकडे वळले. पळाले. त्या वयात, चित्र छातीशी धरून, ठेचकाळत. मेलेल्या माणसाची आपल्याला इतकी आस असते, आणि तेच माणूस दारात उभं राहिलं की आपला पाय मागे येतो. कुणाला दोष द्यायचा?

नावाड्याचं दार उघडं होतं. दिव्याशी बसून तो जाळ्याची भोकं सांधत होता. मास्तर आत आले आणि दाराकडे पाठ करून बसले. नावाड्याचं तोंड दाराकडे. त्याने मास्तरांकडे बघितलं, मग त्यांच्या खांद्यावरून बाहेर, वर. हातातली सुई थांबली.

त्याने काही विचारलं नाही. तो कंदील त्याच्याच होडीतून बुडाला होता.

मास्तरांनी मान न वळवता विचारलं. “आहे?”

“आहे.”

नावाड्याने चहा केला. मास्तरांनी कप नुसता धरून ठेवला. नावाड्याने तो काढून घेतला, खाली ठेवला.

“अजून आहे?”

“आहे.”

कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

“वर-खाली होतोय?”

“...होतोय.”

“किती वेळा?”

नावाड्याने सुई पुन्हा जाळ्यात घातली. तो मोजायचा थांबला होता.

मध्यरात्र उलटली. मास्तर म्हणाले, “ती मला बोलावतेय, की जाब विचारतेय?”

नावाड्याने जाळं बाजूला ठेवलं. “ते तिथं गेल्याशिवाय कसं कळणार, मास्तर? चला. मी येतो दारापर्यंत.”

मास्तर उठले. उंबऱ्यापर्यंत गेले. मान खाली. एक पाय बाहेर टाकला.

वर बघितलं असतं, तर कदाचित गेले असते. पण बघितलं नाही. जन्मभर वर बघून मगच हात लावणारा माणूस, आणि त्या एका रात्री त्याला वर बघवलं नाही. पाय आत आला. ते परत येऊन बसले.

त्यानंतर त्यांनी विचारलं नाही. नावाडीच अधूनमधून सांगत राहिला. हळू आवाजात.

“आहे.”

...

“आहे अजून.”

...

पहाट व्हायच्या जरा आधी नावाडी उठला. दाराशी गेला, बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “विझला, मास्तर.”

आणि मास्तर रडले. दोन वर्षांत रडले नव्हते तेवढे रडले. नावाडी सांगायचा, मी माणसं बुडताना पाहिलीत, पण असा आवाज ऐकला नाही.

सकाळी गिऱ्हाईक आलं. सगळे वर गेले. कुलूप जसंच्या तसं. आत खिडकीला अडसर, ओट्यावर दोन वर्षांची धूळ, त्यावर रेघसुद्धा नाही. ना तेलाचा वास, ना काजळी. गिऱ्हाईकाने खिडकी उघडून बघितली, म्हणाला, छान आहे, इथून किनारा दिसतो. मास्तरांनी किल्ली दिली.

पुढे अंगात त्राण होतं तोवर मास्तर दर महिन्याला बस पकडून त्या खडकावर येऊन बसायचे. आता भीती राहिली नव्हती. दिवा दिसला की जायचं, घरात कुणीही राहत असो, दार वाजवायचं, हे ठरलेलं होतं. नव्या माणसांनी त्या खिडकीला ट्यूब लावली होती. ती लागायची, बंद व्हायची. कंदील काही पुन्हा दिसला नाही. उशीर करायची सवय मास्तरांची होती, वहिनींची कधीच नव्हती.

म्हणून म्हणतो, उजेड गेला की ब्रश धुवायचा. चित्र कुठं पळून जात नाही. आणि तू, मघापासून आईचे फोन कट करतेयस, मी बघत होतो. त्या कोपऱ्यात रेंज नीट येते. गोष्ट संपली की जा आणि बोल तिच्याशी.

संपतच आली आहे. ती रात्र झाल्यावर आठवड्याभराने मास्तर ते चित्र घेऊन माझ्या दुकानात आले होते. म्हणाले, चौकट करा, पण काच लावू नका, ओलं आहे. मी हसलो. म्हटलं मास्तर, जलरंग तो, दहा मिनिटांत वाळतो, हे मी तुम्हाला सांगायचं का? ते म्हणाले, बोट लावून बघा. मी लावलं. सगळं चित्र खडखडीत होतं. खिडकीला लावलं आणि बोटाला पिवळं लागलं.

मला वाटलं, दमट हवा असेल. उन्हात ठेवलं. पंख्याखाली ठेवलं. त्या वर्षीचा अख्खा उन्हाळा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलं. मास्तर गेले, त्यालाही आता किती वर्षं झाली. लेकीला ते घरात नको होतं, म्हणून माझ्याकडेच आहे, दुकानात, गल्ल्याच्या वर. काच न लावता.

काल इथं यायला निघताना दिवा मालवायच्या आधी बोट लावून बघितलं.

अजून ओलं आहे.